हिंगणघाटहून सोपाऱ्याला, यज्ञ सातकर्णीच्या काळात

निघायचं ते दसऱ्याच्या सुमारास. पाऊस ओसरलेला असतो, वणा नदीचं पाणी उतरलेलं असतं आणि काळ्या रानातला चिखल गाडीचं चाक धरून ठेवत नाही. उशीर मात्र करायचा नाही. तुम्हाला जिथं पोचायचं आहे तिथली गलबतं ईशान्येच्या वाऱ्यावर पश्चिमेला निघून जातात, आणि एकदा गेली की पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत परत फिरत नाहीत.

नेमकं साल विचारू नका. इसवी सनाचं दुसरं शतक संपत आलं आहे आणि गादीवर सातवाहनांचा यज्ञ सातकर्णी आहे, एवढं पुरे. तुम्ही उभे आहात वणेच्या काठी, आजच्या हिंगणघाटात. गावाचं नाव अजून कुठं कोरलेलं नाही. आणखी सव्वादोनशे वर्षांनी वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून एक ताम्रपट देईल. त्यात दंगुण नावाचं गाव दान दिल्याची नोंद असेल. दंगुणच्या चारी बाजूंच्या गावांची नावं त्यात आहेत, आणि त्यांवरून अभ्यासकांनी पुढं त्याची ओळख हिंगणघाटशी जुळवली. तुमच्या या फेरीत मात्र पत्ता विचारला तर 'वणेकाठचा' एवढंच सांगा.

शिदोरीत ज्वारी, तूर, गूळ, जवस बांधून घ्या. सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेची पहिली परीक्षा इथंच आहे, कारण मिरची या देशात यायला अजून तेराशे वर्षं आहेत. तिखटाची हौस सुंठीवर आणि फार तर चिमूटभर मिरीवर भागवायची. चहा नाही, बटाटा नाही, टमाटा नाही. खर्रा घोटायला तंबाखूही नाही, त्यामुळं पहिले आठ दिवस जड जातील.

गाडीत काय भरलं आहे ते पाहून घ्या. कापूस नाही, कापड आहे. आजच्या हिंगणघाटात जिनिंगमध्ये सरकी सुटते, प्रेसिंगमध्ये रुई दाबून गाठ होते आणि गाठ कुठंही जाते. या काळात दाबायचं यंत्र नाही. मोकळी रुई गाडीत फुगते, जागा खाते, वाटेत भिजते. म्हणून तिचं सूत होतं, सुताचं जाडंभरडं कापड होतं आणि घड्या घालून तेच गाडीवर चढतं. यंदाची बोंडं अजून फुटायची आहेत. तुमच्या गाडीत गेल्या हंगामाची रुई आहे, पावसाळाभर मागावर बसून कापड झालेली.

गाडीवान वयानं मोठा आहे. बोलतो प्राकृत, पण आपण ती वर्ध्याकडच्या बोलीत ऐकू. कापडाला भाव काय येईल, असं तुम्ही विचारता. तो बैलांच्या शेपट्या सारख्या करत म्हणतो, "तिकडं गलबतं किती लागले हायत, त्यावर हाय सारं, भाऊ."

समुद्र त्यानं एकदा पाहिला आहे. ज्यानं रुई पिकवली त्यानं आणि जिनं सूत कातलं तिनं तो पाहिलेला नाही, पाहणारही नाहीत.

वाट

सोपारा आजच्या रस्त्यानं साधारण 750 किलोमीटर. भरलेली बैलगाडी दिवसाला 20 किलोमीटर गेली, तर सव्वा महिन्याहून थोडं अधिक लागतं, तेही बैल धड राहिले तर. वाट सरळ नाही. धाम नदीकाठचं पवनार, वर्धा नदीवरचं कौंडिण्यपूर, मग वऱ्हाड ओलांडून भोकरदन, तिथून गोदावरीकाठी पैठण. रस्ता म्हणावा असा रस्ता पुष्कळ ठिकाणी नसतोच. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटाड्या-ग्रंथात पैठण आणि तेर या दोन बाजारांचं नाव आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर, तेर पैठणपासून दहा दिवसांवर आणि मोठा मुलूख बिनरस्त्याचा, असं तो सांगतो. पैठणहून गाड्या भरून येतात त्या गोमेदासारख्या रंगीत दगडांच्या, तेरहून येतं ते साधं कापड आणि मलमल. म्हणजे तुमच्यासारख्या गाड्यांची चाकोरी समुद्रावरच्या माणसालाही ठाऊक आहे.

भोकरदनला मुक्काम केलात तर हस्तिदंताचं काम करणाऱ्यांकडं डोकावून या. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दासी असलेली एक बाई ते कोरतात. तशाच घडणीची एक मूर्ती इथून कुठल्या कुठं गेली आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईतल्या एका घरात ती आत्ता पडून आहे. ती 1938 साली बाहेर निघेल आणि नेपल्सच्या संग्रहालयात जाईल. पुढं भोकरदनला आणि तेरला तिच्या बहिणी सापडतील, तेव्हा कुठं या वाटेची लांबी लोकांच्या ध्यानात येईल.

नाशिक

गोवर्धन, म्हणजे नाशिकच्या परिसरात, एक दिवस जास्त थांबा. त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, दहाव्या लेण्याच्या ओसरीत भिंत वाचा. शंभरएक वर्षांपूर्वी इथं क्षत्रप नहपानाचं राज्य होतं. त्याचा जावई उषवदात यानं आपल्या दानांचा हिशोब या भिंतीवर कोरून ठेवला आहे. तुमच्यासारख्या कापडवाल्याला याहून कामाचा शिलालेख सापडणार नाही.

उषवदातानं गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडं 2,000 कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा 1 टक्का व्याजानं. दुसऱ्या विणकर श्रेणीकडं 1,000 ठेवले, शेकडा पाऊण टक्क्यानं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं 240. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळतात. विणकरांच्या संघटनेवर राजाचा जावई विश्वासानं पैसा ठेवतो आणि ती व्याज बिनबोभाट देत राहील असं धरून चालतो. कापसाच्या धंद्याची पत एवढी आहे. 70,000 कार्षापण म्हणजे 2,000 सुवर्ण असा हिशोबही याच भिंतीवर आहे; म्हणजे एका सोन्याच्या नाण्याला चांदीची 35.

सराफाकडं नाणं मोडून घेताना ते उलटून पाहा. एखाद्या चांदीच्या नाण्यावर नहपानाचा चेहरा अर्धवट दिसेल आणि त्याच्यावर सातवाहनांचा छाप मारलेला असेल. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवल्यावर त्याचीच नाणी पुन्हा ठोकून बाजारात सोडली. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 साली 13,000 हून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातली बहुतांश अशी दोन राजांची होती. घासाघीस करू नका. चांदी चांदीच आहे.

त्याच ओसरीतल्या उषवदाताच्या दुसऱ्या शिलालेखात तुमच्या मुक्कामाची सोयही आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार गावी उषवदातानं प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, काठांवर निवारे आणि पाणपोया केल्या. शूर्पारक म्हणजेच सोपारा. राज्य बदललं, पण धर्मशाळा बदलायचं कारण नाही. तिथंच उतरा.

खाडी

घाट उतरताना माल गाडीवरून बैलांच्या पाठीवर येतो. खाली हवा जड होते, अंगाला चिकटते. ज्वारीची शेतं संपतात, भाताची खाचरं लागतात. मग एका सकाळी गाडीवान थांबतो, नाक वर करतो आणि काही न बोलता पुढं चालू लागतो. तो वास ओल्या गाळाचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा आहे. शाकाहारी असाल तर सवय करून घ्या.

सोपाऱ्याला पहिल्यांदा समुद्र दिसत नाही, खाडी दिसते. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी आणि मधे पाण्यानं वेढलेलं हे बंदर. वणेकाठच्या माणसाला नदी एका दिशेनं जाते एवढंच माहीत. इथं सकाळी गलबतं चिखलात कलंडून पडलेली असतात, बायका त्यांच्या सावलीत शिंपल्या वेचत असतात. दुपारी तुम्ही जेवून परत येता तर पाणी उलटं वर चढून आलेलं, आणि तीच गलबतं सरळ उभी, दोर ताणून. तुम्ही कुणाला तरी विचारता, नदी उलटी का वाहते? उत्तर म्हणून हसू मिळतं. घाटावरून आलेल्या प्रत्येक माणसानं हा प्रश्न विचारलेला आहे.

गलबताला हात लावून पाहा. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, नारळाच्या काथ्यानं शिवल्या आहेत. काथ्याचा तोटा नाही. उषवदाताच्या दानात 32,000 नारळाची झाडं आहेत, आणि ती ज्यांना मिळाली त्यांत सोपाऱ्याच्या रामतीर्थावरचे संन्यासीही आहेत.

फिरायला म्हणून किनाऱ्यावर जाणारे तुम्ही एकटेच असाल. राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर आज सुरूच्या झाडांखाली सुट्टीच्या दिवशी गर्दी लोटते. या काळात वाळू हे कामाचं ठिकाण आहे. जाळी विणतात, मासळी वाळवतात, होडी उलटी करून तिची शिवण तपासतात. समुद्राकडं बघत नुसतं बसलेल्या माणसाकडं लोक संशयानं बघतात, कारण इथं समुद्राकडं बघत बसतो तो एक तर कुणाची तरी वाट पाहत असतो, नाही तर कुणाला तरी गमावून बसलेला असतो. जुन्या पाली ग्रंथात बाहियाची गोष्ट आहे. त्याचं जहाज फुटलं, तो कसाबसा सोपाऱ्याच्या किनाऱ्याला लागला. अंगावर वस्त्र उरलं नव्हतं म्हणून झाडाची साल गुंडाळली, तर लोक त्याला साधू समजून नमस्कार करू लागले. पुढं तो बुद्धाच्या शोधात श्रावस्तीला गेला. जहाज फुटणं इथं कथेची सुरुवात होऊ शकते इतकं नेहमीचं आहे.

दगड आणि स्तूप

गावाजवळ एका काळ्या दगडावर लेख आहे, तुम्ही याल तेव्हा तो चारेकशे वर्षांचा जुना झालेला. अशोकाच्या आज्ञा इथं कोरल्या गेल्या. त्यांतली आठवी प्रवासाबद्दल आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी यात्रा काढत. अभिषेकानंतर दहाव्या वर्षी हा राजा संबोधीला, बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा धर्मासाठी होऊ लागल्या: श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट आणि जनपदातल्या, म्हणजे मुलखातल्या लोकांना भेटणं. परदेशी माल उतरवणाऱ्या बंदरात राजानं लिहून ठेवलं की फिरायचं ते आतल्या मुलखातल्या माणसांना भेटायला. तुम्ही त्या मुलखातले. भेटायला तुम्हालाच यावं लागलं आहे.

तिथून स्तूपाकडं. विटांचा मोठा घुमट, भोवती वर्दळ. या धर्माला इथं व्यापाऱ्यांचं पाठबळ आहे. सोपारा, कल्याण, चौल इथल्या दात्यांची नावं जवळच्या कान्हेरी लेण्यांत कोरलेली आहेत. सोपाऱ्याचाच पूर्ण नावाचा व्यापारी भिक्खू झाला आणि बुद्ध स्वतः इथं आला, असं लोक सांगतात. स्तूपाच्या पोटात भिक्षापात्राच्या खापरांचे तेरा तुकडे एकात एक बसणाऱ्या करंडकांत ठेवले आहेत, सर्वांत आत सोन्याच्या. सोबत फुलं सोन्याची, आणि एक चांदीचं नाणं यज्ञ सातकर्णीचं. तसलंच नाणं या क्षणी तुमच्या कनवटीला आहे.

भाव

आता कामाचं. व्यापारी घडी उलगडतो, दोन बोटांत कापड चोळतो, उजेडाकडं धरतो. पोत बरा आहे, म्हणतो. मग भाव सांगतो, आणि तो गाडीवानानं मनात धरलेल्यापेक्षा कमी असतो. भांडायला जागा नाही. येणारी दोन गलबतं आलेली नाहीत. वाऱ्यानं अडवली, का वरच्या बंदराला लागली, कुणाला ठाऊक. 'पेरिप्लस'च्या काळात तर कल्याणला चुकून आलेली यवनांची, म्हणजे ग्रीकांची, जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. दोन राजघराण्यांचं वैर, आणि माल मात्र घाटावरच्या माणसाचा अडकलेला.

शेजारच्या वखारीत बघा. पश्चिमेकडून आलेलं मद्य, तांबं, कथील, शिसं, पोवळं, कच्ची काच आणि नाणी. जाणारं काय? मिरी, हस्तिदंत, गोमेद, सुगंधी मुळ्या आणि सर्व प्रकारचं सुती कापड. या धंद्यात रोमचं सोनं-चांदी इतकी वाहते की पहिल्या शतकात प्लिनीनं तक्रार करून ठेवली: भारत दर वर्षी साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्स ओढून घेतो. हा आकडा गाडीवानाला सांगू नका. तो विचारेल, मग ते आमच्या मुलखात किती आले?

खरं उत्तर असं की थोडे आले. वाटेतल्या सराफाकडं, श्रेणीच्या ठेवीत, लेण्याच्या खांबांत, जकातीत पैसा जिरत जिरत वर चढतो आणि वणेपर्यंत पोचता पोचता पातळ होतो. पण भावाची खबर पातळ होत नाही. ती गाडीवानाबरोबर जशीच्या तशी घाट चढते, आणि पुढच्या वर्षी किती माग चालायचे, किती रानात कापूस पेरायचा, हे तिच्यावर ठरतं.

काचेपलीकडं

परतताना बैलगाडी नको, काळ ओलांडूनच या. वाटेत 1882 च्या एप्रिलमध्ये क्षणभर थांबा. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी 'बुरूड राजाचा कोट' म्हणवल्या जाणाऱ्या टेकाडात खणत आहेत. दगडी पेटी उघडते. आत करंडक, खापरांचे तुकडे, सोन्याची फुलं, तुमच्या ओळखीचं नाणं, आणि तुम्ही पाहिल्या नव्हत्या अशा आठ कांस्य बुद्धमूर्ती, आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे तुमच्यानंतर सहा-सातशे वर्षं हा स्तूप लोकांच्या जाण्यायेण्यात होता. अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही भगवानलालांनाच मिळाला. नवव्या आज्ञेचा भुईगावला 1956 मध्ये.

आज नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरून रिक्षानं स्तूपापाशी जाता येतं. बंदर शोधू नका. खाड्या गाळानं भरत गेल्या, पाणी मागं सरलं, इमारती पुढं आल्या. स्तूपावरून समुद्र दिसत नाही. सोपाऱ्यातून निघालेलं सारं मुंबईत आहे: करंडक आणि त्यातल्या वस्तू एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात, अशोकाच्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. काचेपलीकडच्या वस्तूंत कापडाचा एक धागाही नाही, कारण कापड कुजतं. ज्या मालावर हे बंदर पोसलं त्यातला वणेकाठचा वाटा संग्रहालयात दिसणारच नाही.

भाव ठरवणारी जागा मात्र सोपाऱ्यानंतरही सरकत राहिली. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लिव्हरपूलला 'हिंगणघाट' हे कापसाच्या जातीचं नाव म्हणून बोललं जाऊ लागलं. भाव चढले, शेतकऱ्यानं कर्ज काढून पेरा वाढवला, युद्ध संपलं आणि भाव कोसळले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, गाड्यांची वाट दोन दिवसांवर आली, पण भाव सांगणारा माणूस तिकडचाच राहिला. आज न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुई हलली की हिंगणघाटच्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ती जाणवते. समुद्र न पाहता समुद्राचा हिशोब सोसणं हे आपल्या भागाचं दोन हजार वर्षांचं काम आहे.

म्हणून शाळेची सहल काढायची झाली तर ती उलटी काढा. सेवाग्रामहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला जा, आधी संग्रहालय दाखवा, मग सोपाऱ्याचा स्तूप, मग कळंबचा किनारा, आणि तिथून घाट चढत नाशिकच्या दहाव्या लेण्याशी मुलांना थांबवून विणकरांचं व्याज त्यांच्याकडून काढून घ्या. पुढं भोकरदन, नागपूरचं अजब बंगला हे संग्रहालय आणि शेवटी गावचं कापूस मार्केट. तिथं पोचेपर्यंत एखादं पोर नक्की विचारेल की माल आपला, तर भाव त्यांचा का. इतिहासाच्या तासाला एवढा प्रश्न पडला तर सहलीचे पैसे वसूल झाले असं समजावं. उत्तर शोधायला अर्थशास्त्राचा तास आहेच.